नियंत्रणातला जिना

थोरल्या मुलीच्या लेकीला जुळं झालं आणि मला ते फोनच्या काचेवर बघून समाधान मानावं लागलं, त्या वर्षी आमच्या इमारतीत साखरेचा कार्यक्रम आला.

मोठ्या इस्पितळाच्या लोकांना एक गोष्ट तपासून बघायची होती. साखरेचा आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे दर आठवड्याला नर्स घरी गेली, तिने पाय बघितले, गोळ्या बघितल्या, चार शब्द बोलली, तर त्यांची तब्येत सुधारते का? सुधारली तर शहरभर तेच करायचं. आमच्या इमारतीला दोन जिने, आणि दोन्हीकडे माणसं बहुतेक आमच्याच वयाची. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं, बोटातून रक्त घेतलं, वजनं केली आणि जिन्यांच्या नावाने चिठ्ठी काढली. पलीकडच्या जिन्याला नर्स मिळाली. आमच्या जिन्याकडे बघून इस्पितळाचा माणूस म्हणाला, "तुम्ही सगळे नियंत्रण गटात."

हा माणूस तरुण, जाड चष्म्याचा. जेव्हा येईल तेव्हा काहीतरी मोजायचा, म्हणून इमारतीने त्याचं नाव मोजणीदार ठेवलं.

नियंत्रण हा शब्द माझ्या ओळखीचा होता. दवाखान्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, साखर नियंत्रणात ठेवा. अक्षरं मला उशिरा आली, नोकरी सुटल्यावर, त्यामुळे जी आली ती मी घट्ट धरून असते. नियंत्रणात म्हणजे चांगलं. त्याच इस्पितळाच्या धुलाईघरात मी जन्मभर चादरींच्या घड्या घातल्या, पण इस्पितळाने शाबासकी दिली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मी मान ताठ करून जिना चढले.

पलीकडच्या जिन्यात, तिसऱ्याच मजल्यावर, माझ्या थोरल्या जाऊबाई राहायच्या. दोघा भावांनी खोल्या एकदमच घेतलेल्या, भिंतीला भिंत लागून, पण मध्ये दार नाही. त्यांच्याकडे जायचं तर तीन मजले उतरा, अंगण ओलांडा आणि पुन्हा तीन मजले चढा. आधी दोघींचे नवरे गेले, मग मुलं लांब गेली, मग गुडघे गेले. तेव्हापासून आमचं बोलणं स्वयंपाकघराच्या खिडकीतून चालायचं. तोंड दिसायचं नाही, हात दिसायचा.

"काय गं धाकटे, नियंत्रणाचा तोरा चढलाय म्हणे?" त्याच दिवशी खिडकीतून आवाज आला.

"तोरा कसला जाऊबाई. ज्यांची साखर ताब्यात नाही त्यांच्याकडे नर्स पाठवायची, असं ठरलं असणार."

"म्हणजे मी बेताल."

"मी कुठे म्हटलं? इस्पितळ म्हणतंय."

"जन्मभर चहात दोन दोन चमचे साखर तू घालायचीस, आणि बेताल मी!"

खिडकी आपटली. पण बुधवार आला आणि बेताल बाईंकडे सिस्टर आली.

भिंतीतून शब्द कळायचे नाहीत, सूर कळायचा. आधी सिस्टरचा, मग जाऊबाईंचा, मग दोघींचं हसणं. खुर्ची सरकायची. पाण्याचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज यायचा. मी माझ्या स्वयंपाकघरात उगीच ओटा पुसत उभी राहायचे. सिस्टर गेली की ओट्यावर पुसायला काही उरलेलं नसायचं.

माझ्याकडे रविवारी धाकट्या मुलाचा फोन यायचा.

"सगळं ठीक ना आई?"

"ठीक."

"मग ठेवतो. जपून राहा."

त्यात त्याचा दोष नाही. दोन पोरं, दोन नोकऱ्या, आणि मी ठीक म्हटल्यावर त्याने पुढे काय विचारायचं? पण एकदा संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, साबण मागायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. सकाळपासून वापरलाच नव्हता. दुकानदार म्हणाला, "घसा बसला का?" मी मान हलवली. दुसरं काय सांगणार?

त्या दिवशी परत येताना माझ्या डोक्यात आलं की नियंत्रण सुटलं तर सिस्टर येईल.

चहात पुन्हा साखर पडायला लागली. संध्याकाळी बिस्किटं आली. रात्रीची गोळी डबीतच राहायला लागली. मरायचं नव्हतं मला. मला फक्त बुधवार हवा होता. दर बुधवारी पाय स्वच्छ धुऊन, समोर एक खुर्ची मांडून, दार थोडं उघडं ठेवून मी बसायचे. पलीकडच्या जिन्यावर पावलं वाजायची. आमच्या जिन्यावर दुसऱ्या मजल्यावरचे शिंपीदादा तेवढे खोकत वर-खाली करायचे.

सहा महिन्यांनी मोजणीदार घरी आला. रक्ताचा थेंब घेतला, यंत्राकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

"आजी, हे फार वाढलंय. गोळ्या घेता ना?"

"वाढलंय ना?" मला आनंद लपवता आला नाही. "मग आता मला काढा त्या गटातून."

"कुठल्या?"

"नियंत्रणाच्या. सुटलं की माझं नियंत्रण. बुधवारी पाठवा तिला, मी घरीच असते."

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"आजी, नियंत्रण गट म्हणजे तसं नाही. ज्यांना नर्स द्यायची नाही, नुसतं मोजायचं, तो गट. पलीकडच्या जिन्याशी ताडून बघायला. नर्स असली तर काय होतं हे कळायला, नसली तर काय होतं तेही बघावं लागतं."

"म्हणजे माझ्याकडे कोणी आलं नाही तर काय होतं, ते बघताय."

त्याने यंत्र बंद केलं.

"साखर किती वाढली की तिला पाठवाल?"

"कितीही वाढली तरी तुमचा जिना शेवटपर्यंत याच गटात राहील. चिठ्ठीच तशी निघाली. पण साखर एवढी वाढल्यावर मी तुम्हाला असं सोडून जाणार नाही." त्याने तिथूनच दवाखान्यात फोन लावला, दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली, आणि मी जाईन असं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मी चहा विचारला. "नको आजी. तुमच्या चहात किती साखर असते ते आता कळलंय मला," असं म्हणून हसला, आणि हसणं अर्ध्यावर टाकून निघून गेला.

संध्याकाळी मी हे सगळं जाऊबाईंना खिडकीतून सांगितलं. गंमत म्हणूनच सांगितलं. नियंत्रण म्हणजे काय निघालं, माझी कशी फजिती झाली. वाटलं, आता टोमणा येईल. पण खिडकी बंद झाली.

बऱ्याच वेळाने दारावर काठी आपटली. दारात जाऊबाई. श्वास भात्यासारखा चाललेला, पदराने तोंड पुसत होत्या. वर्ष उलटलं होतं त्यांना आमचा जिना चढून.

"आधी पाणी दे. आणि साखरेचा डबा कुठे आहे?"

डबा काखेत मारून त्या मोजणीदाराच्या खुर्चीत बसल्या.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सोबत हवी होती तर मला हाक मारायची."

"तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत, मी बघीन. ऐक. बुधवारी ती मला जे जे करते, ते गुरुवारी मी तुला करणार. दाखव पाय."

"थोरल्या तुम्ही, आणि माझे पाय धरणार?"

"धरत नाहीये, तपासतेय. फरक आहे."

तेव्हापासून गुरुवार सुरू झाला. सिस्टरचं बोलणं त्या सिस्टरच्याच आवाजात म्हणायच्या, नाकातून, जरा लाडीक. "बोटांच्या मधलं पुसायचं हं आजी. कोमट पाणी हं, कडक नाही." गोळ्यांची डबी उलटी करून मोजायच्या.

"सिस्टर म्हणते, जेवण झाल्यावर दहा मिनिटं चालायचं."

"बरं."

"सिस्टर म्हणते, थोरल्या जावेला उलट उत्तर द्यायचं नाही."

"हे सिस्टर म्हणाली?"

"म्हणेल पुढच्या बुधवारी. मी सांगून ठेवलंय."

साखर उतरली. बाकीचे सहा दिवस होते तसेच होते, पण आता त्यांना एक टोक आलं होतं.

पुढच्या खेपेला मोजणीदार आला तेव्हा आकडा बघून खूश झाला. त्याने नेहमीचे प्रश्न विचारले. त्यात एक होता, "साखरेबद्दल, पायांबद्दल सांगायला, मदत करायला बाहेरचं कोणी घरी येतं का?"

"माझ्याकडे बाहेरचं कोण येतंय?" मी म्हटलं. जुना राग होताच थोडा.

त्याने "नाही" असं टिपून घेतलं.

दोन वर्षं पुरी झाल्यावर हॉलमध्ये सगळ्यांना पुन्हा बोलावलं. मोजणीदार पुढे उभा राहिला. सिस्टर खांद्याला पिशवी लावून दाराशी उभी होती. तो म्हणाला, दोन्ही जिन्यांची साखर जवळजवळ सारखीच उतरली आहे. ज्यांच्याकडे नर्स गेली त्यांची उतरली, आणि जिथे गेली नाही तिथेही तेवढीच. तेव्हा नर्समुळे फरक पडला असं दाखवता येत नाही. कार्यक्रम इथे थांबतोय.

"आणि बुधवार?" जाऊबाईंनी मोठ्याने विचारलं.

"बुधवारही, आजी."

त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. तो घट्ट झाला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उठून उभी राहिले.

"अहो साहेब, माझ्याकडे दर गुरुवारी या यायच्या. सिस्टर सांगेल ते सगळं मला करायच्या."

"पण मी विचारलं होतं तुम्हाला."

"बाहेरचं कोणी येतं का, असं विचारलंत. जाऊ बाहेरची कशी असेल?"

मागे कोणीतरी फसकन हसलं. शिंपीदादा खोकून म्हणाले, "माझ्याकडे बहीण यायची, पलीकडच्या जिन्यातली. तिचाही काही जाब द्यायचाय का?" मग कोणाचा मेव्हणा निघाला, कोणाची विहीण. मोजणीदार आमच्याकडे बघत राहिला. आम्ही जिन्यांप्रमाणे बसलोच नव्हतो. जो ज्याचा होता त्याच्याशेजारी बसला होता. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "हे मी वर कळवतो."

त्याने कळवलं, यात शंका नाही. दोन महिन्यांनी मुद्दाम येऊन उत्तरही सांगून गेला. अहवाल पुढे गेला होता, सिस्टरला दुसऱ्या कामावर लावलं होतं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची कोणाची तयारी नव्हती. त्या दिवशी त्याने चहा घेतला, बिनसाखरेचा.

जाऊबाई त्यानंतरही गुरुवारी यायच्या. "सिस्टर म्हणायची" असं आता म्हणायच्या. नवीन सांगण्यासारखं काही नसायचं, जुनंच उगाळायच्या. एकदा दुसऱ्या मजल्यावर त्यांना बसावं लागलं. वर येता येईना, खाली जाता येईना. शिंपीदादांनी आणि मी धरून त्यांना घरी पोचवलं. मग मी जायला लागले, पण माझेही गुडघे काही वेगळ्या लाकडाचे नाहीत. दर आठवड्याला जमायचं नाही. थंडीत खिडक्या बंद राहिल्या.

मार्चमध्ये एका सोमवारी सकाळी पुतण्याचा फोन आला. तो समुद्रापलीकडे असतो. "काकू, आई कालपासून फोन उचलत नाहीये. जरा बघता का?" मी भिंतीजवळच उभी होते. भिंतीला कान लावला, हाक मारली, मग माझ्याकडे ठेवलेली त्यांच्या दाराची किल्ली घेऊन निघाले. तीन मजले उतरले, अंगण ओलांडलं, तीन मजले चढले.

माझ्या थोरल्या जाऊबाई कार्यक्रम बंद झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, रविवारी संध्याकाळी कधीतरी हृदय बंद पडून वारल्या. त्यांना एक्क्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती.