टाके पडलेल्यांना ऊन पाणी

मुलुंडच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, १९८४ साली, मृणालिनी उंदरांच्या नैराश्यावर काम करत होती. सासूबाईंनी एकदा खोदून विचारल्यावर तिने खरं ते सांगितलं. धान्याची आख्खी कोठी ज्याची त्याला कसलं आलंय दुःख, एवढंच त्या म्हणाल्या.

प्रयोग साधा होता. पाण्याच्या पिंपात सोडलेला उंदीर बाहेर पडायला धडपडतो. हताश झालेला नुसता तरंगत राहतो. नेहमीच्या औषधाने ज्यांना गुण आला नव्हता असे चोवीस हट्टी उंदीर तिने निवडले होते. आठांना नुसतं औषध, आठांच्या मेंदूत बारीक तार बसवून नुसता सौम्य करंट, आणि आठांना दोन्ही. एकट्याला जे जमत नाही ते दोघांना मिळून जमेल, असा तिचा कयास.

पंधरा दिवस झाले, तारवाले सोळाही उंदीर रविवारचं जेवून पडल्यासारखे तरंगत होते. शुक्रवारी संचालक डॉ. श्यामसुंदर स्वतः बघायला येणार होते; काही दिसलं नाही तर प्रयोग बंद आणि खोली आम्लपित्ताच्या गोळीवाल्यांना. ते गोळीवाले बुधवारीच येऊन भिंती मोजून गेले होते.

गुरुवारी सतरा नंबरचा उंदीर पिंपात अर्धे डोळे मिटून पडला होता. पिंपं भरायचं आणि उंदीर बाहेर काढायचं काम धोंडूमामांचं. संपात गिरणी सुटल्यावर कणकवलीचे धोंडूमामा इथे प्राण्यांची देखभाल करायला लागले होते. ते टॉवेल आणायला गेले होते, म्हणून तिने हात घातला. पाणी छान कोमट होतं. शेजारच्या, नुसत्या औषधवाल्यांच्या पिंपातलं मात्र नळाचं, गार.

धोंडूमामा आले. तिने विचारलं.

"डोक्याक टाके पडल्यावर कोण थंड पाण्यान न्हाता, बाई? आमच्या सुनेक म्हयनोभर ऊन पाणी दिलंव."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही इचारलास खंय?"

तिने थर्मामीटर बुडवला. छत्तीस. पंधरा दिवस वहीत ती जिची नैराश्य म्हणून नोंद करत होती, ती आंघोळ होती.

गार पाण्याला धोंडूमामा काही केल्या तयार होईनात. शेवटी तडजोड झाली: पिंपात सगळ्यांना पंचवीस अंश, आणि बाहेर आल्यावर सगळ्यांनाच गरम टॉवेल.

शुक्रवारी तिने डॉ. श्यामसुंदरांना आधी आंघोळीची हकीकत सांगितली आणि जुने आकडे खोडले. मग प्रत्येक गटातला एकेक उंदीर सोडला. नुसत्या औषधाचा थोडा हलून थांबला, करंटवालाही तसाच. दोन्हीवाला सतरा नंबर मात्र थांबेचना. पाणी साहेबांच्या टायपर्यंत उडालं.

"एका उंदरावर काही ठरत नाही," टाय पुसत ते म्हणाले. "तीन महिने घ्या. सगळं पहिल्यापासून करा."

संध्याकाळी ती प्रयोगाची पद्धत नव्याने लिहायला बसली. पाण्याचं तापमान पंचवीस अंश, प्रत्येक वेळी स्वतः तपासलेलं. मागे उभे राहून धोंडूमामा म्हणाले, "टॉवेल पण लिवा."

तिने क्षणभर विचार केला. चोवीसही उंदरांना मिळणार होता. तिने लिहिलं.