अप्पा मजेत आहेत

माझ्या सासऱ्यांना ‘कसे आहात?’ असं विचारणं म्हणजे आपल्याच हाताने नळ सोडून ठेवणं. सुरुवात गुडघ्यापासून होते, मग चहा, मग शेजाऱ्यांचा रेडिओ, मग सरकार, आणि फिरून पुन्हा गुडघा. अप्पांनी आयुष्यभर छापखान्यात प्रूफं तपासली. तेव्हा दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळायचा, निवृत्त झाल्यापासून ते हेच काम फुकट करतात. गल्लीत सगळे त्यांना ‘तक्रारपेटी’ म्हणतात आणि त्यांना ते ठाऊक आहे. त्यावरही त्यांची तक्रार आहेच. पेटीत कोणीतरी बाहेरून काही टाकावं लागतं, आपलं तसं नाही, असं ते म्हणतात.

घरात आम्ही दोघंच. नवरा जहाजावर असतो. माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे, म्हणजे एक गाडी आणि मी. दिवसभर नवशिक्यांशेजारी बसून माझा आवाज कायम चढलेला असतो, त्यामुळे माझं नि अप्पांचं छान जमतं. घरात हळू बोलायची सवय कुणालाच नाही.

अप्पांचं हृदय कमजोर आहे. मधूनच अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, धाप लागते. पूर्वी आठवड्यातून एकदा सिस्टर घरी येऊन बघून जायच्या, आजारी माणूस असलेल्या प्रत्येक घरी. मग सरकारने पेशंटना लवकर घरी सोडून फोनवरून विचारपूस करायची, म्हणजे खाटा मोकळ्या होतील, अशी नवी योजना काढली आणि आधी आमच्या भागात करून बघायची ठरवली. रोज सकाळी फोन वाजतो. पलीकडून रेकॉर्ड केलेला एक गोड आवाज विचारतो, “नमस्कार, आज आपल्याला कसं वाटतंय?” आपण सांगायचं. संगणक ते ऐकतो आणि आपल्या नावापुढे ठिपका लावतो, बरं असलं तर हिरवा, नसलं तर लाल. लाल ठिपका दिसला तरच सिस्टर येतात.

अप्पा अर्थातच रोज लाल. बिचाऱ्या सिस्टर जिने चढून यायच्या, पाय दाबून बघायच्या, छातीला नळी लावायच्या, वजन करायच्या. सगळं उत्तम निघायचं. वर अप्पा त्यांनाच विचारायचे, “मग आलात कशाला?” सिस्टरांनी हात टेकले होते. पण बाई चिवट, कधी चुकल्या नाहीत.

मी मात्र या योजनेच्या बाजूची, उघड सांगते. माझ्या सासूबाई हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, बाकावर, खाट रिकामी व्हायची वाट बघत गेल्या. त्याच वेळी आत तीन वॉर्ड भरून अशी माणसं होती ज्यांना घरी राहून बरं होता आलं असतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. त्यामुळे योजना सगळीकडे लागू करायची की नाही यावर जाहीर चर्चा ठेवली आणि आरोग्य खात्याच्या मॅडमनी मला ‘घरच्यांतर्फे चार शब्द बोला’ म्हटलं, तेव्हा मी लगेच हो म्हणाले.

तयारीचे ते दिवस झकास गेले. मी स्वयंपाकघरात भाषण म्हणायचे, अप्पा बाहेरून दुरुस्त्या करायचे.

“‘आणि’ दोनदा आला.”

“बोलताना येतो, अप्पा.”

“म्हणून तर बोलू नये. आणि शेवट पाडू नकोस, शेवटी आवाज वर ने.”

सभेच्या दिवशी माझे सकाळचे दोन शिकाऊ होते, म्हणून मी लवकर निघाले. अप्पा बाथरूममध्ये होते. दाराआडूनच म्हणाले, “ये जाऊन. नीट बोल.” मी सुटले.

सभागृह खच्चून भरलं होतं. पंखे फिरत होते, तरी माणसं कागदांनी वारा घेत होती. मला अशी भांडणं मनापासून आवडतात. एका बाजूला हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, पांढऱ्या मिशांचे, योजनेच्या विरोधात. दुसऱ्या बाजूला आरोग्य खात्याच्या मॅडम, माझ्याहून लहान, पण माघार न घेणाऱ्या. दोघांची नुसती खणाखणी चालली होती.

“आज तुम्ही फोन देताय, उद्या खाटा काढून घ्याल,” डॉक्टर म्हणाले. “मग यंत्र चुकलं तर पेशंट कुठे ठेवू, माझ्या टेबलावर?”

“आज खाटा आहेत म्हणता ना, मग व्हरांड्यात माणसं का झोपतात?” मॅडमनी विचारलं.

मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की पुढच्या रांगेतल्या आजी दचकल्या. मागून कोणीतरी ओरडलं, डॉक्टरांची बाजू घेऊन. मग अर्धं सभागृह उभं राहिलं आणि उरलेलं अर्धं त्यांना बसा म्हणायला उभं राहिलं. माझ्या अंगात वारं संचारलं होतं. आता माझी पाळी, आता मी यांना दाखवते.

तेवढ्यात मॅडमनी पडद्यावर आमच्या भागाचा नकाशा लावला. सगळीकडे हिरवे ठिपके. “आमच्याकडे एक आजोबा आहेत,” त्या हसून म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून रोज लाल. त्यांच्या परवानगीने त्यांचा आज सकाळचा फोन ऐकवते.”

मी खुर्चीच्या टोकाला आले. परवानगी अप्पांनी माझ्यासमोरच दिली होती, मॅडमच्या दोन वाक्यांचं व्याकरण सुधारून.

ध्वनिक्षेपकातून गोड आवाज आला, “आज आपल्याला कसं वाटतंय?” आणि मग अप्पा. “मी? मजेत आहे. काही त्रास नाही. तुम्ही कशा आहात, बाई?”

सभागृह खळखळून हसलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यावर आमच्या घराचा ठिपका लालाचा हिरवा झाला.

मी टाळी वाजवली नाही. याआधी अप्पा ‘मजेत’ म्हणाले होते ते सासूबाई गेल्या त्या संध्याकाळी, आणि नंतर गेल्या वर्षी, अतिदक्षता विभागात नाकात नळी असताना. अंगात जीव असला की हा माणूस कुरकुरतो. जीवावर बेतलं की सभ्य होतो. आणि आज तर त्यांनी समोरच्याची विचारपूस केली होती.

“थांबवा हे,” मी उभी राहून म्हणाले. “अप्पांना काहीतरी झालंय.”

“अहो, ते मजेत आहेत,” मॅडम म्हणाल्या. “ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं म्हणूनच सांगतेय.”

कुणालाच काही कळेना. काहींना वाटलं मी डॉक्टरांच्या गोटात गेले. मी घरी फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. मग मागच्या दाराजवळून सिस्टर उठल्या. त्यांनी फक्त विचारलं, “बाई म्हणाले? मला आजवर ‘अहो’पण म्हणाले नाहीत.” आणि पिशवी उचलून त्या बाहेर पळाल्या.

मी त्यांच्या मागे. माझ्या मागे मोठे डॉक्टर, त्यांच्या मागे मॅडम, फोनवर ॲम्ब्युलन्स बोलावत. ॲम्ब्युलन्स गावाच्या दुसऱ्या टोकाला होती, माझी गाडी दारात. सिस्टर आणि मॅडम मागे बसल्या, डॉक्टर पुढे माझ्या शेजारी, म्हणजे एरवी मी बसते त्या जागेवर. शिकवायच्या गाडीत तिथेही ब्रेक असतो, हे मी सांगायला विसरले. मी वळणावर गाडी घातली की डॉक्टर घाबरून पाय रोवायचे आणि गाडी जागच्या जागी गचकन थांबायची. मागची माणसं हॉर्न वाजवायची.

“डॉक्टर, पाय वर घ्या.”

“हळू चालवा हो.”

“पाय वर घ्या म्हणतेय ना, का उतरवू इथेच?”

शहरातले सर्वांत मोठे हृदयाचे डॉक्टर मग मांडी घालून बसले. एरवी मी हसून लोळले असते. तेव्हा मला फक्त अप्पा दिसत होते आणि मध्ये येणारा प्रत्येक सिग्नल शत्रू वाटत होता.

अप्पा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. धुतलेला शर्ट, केस विंचरलेले, आणि ओठ निळसर. छातीतून घरघर ऐकू येत होती. पाय इतके सुजले होते की चपलांचे पट्टे रुतले होते. आम्हाला बघून त्यांनी कसाबसा हात हलवला. “या,” ते म्हणाले. “बसा.”

“बसा काय बसा,” मी ओरडले, आणि मला हुंदका फुटला.

सिस्टरांनी पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी अप्पांना पुढे वाकवून धरलं. मॅडम फोन कानाला लावून जिन्यात उभ्या होत्या, ॲम्ब्युलन्सला वळणं सांगत. ऑक्सिजन आला, स्ट्रेचर आलं. हॉस्पिटलात वॉर्डातली एक खाट मोकळी होती आणि अप्पा थेट तिथे गेले. ती मोकळी का होती, हेही मला माहीत होतं. योजनेमुळे तिथला माणूस घरी गेला होता. म्हणजे योजनेने अप्पांना मारायचं बाकी ठेवलं होतं आणि योजनेनेच खाटही दिली होती. आता यावर कुणाच्या बाजूने बोलायचं ते सांगा.

संध्याकाळपर्यंत त्यांचा श्वास सुधारला. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याची जागा रागाने घेतली.

“सकाळपासून धाप लागत होती ना?” मी विचारलं.

“रात्रीपासून.”

“मग यंत्राला मजेत का सांगितलंत?”

अप्पा छताकडे बघत म्हणाले, “तुझं भाषण होतं. त्या बाई सगळ्यांसमोर ठिपके दाखवणार होत्या. बोलणारीच्याच घरचा लाल दिसला असता तर तू तोंडावर पडली असतीस.”

“म्हणून मरायला निघालात?”

“तू येईपर्यंत टिकेन असं वाटलं.”

मी त्यांची चादर उगाच सारखी केली. जगात कुठलंही यंत्र करा, त्याला माणसाचा त्रास मोजता येईल. सुनेची फजिती होऊ नये म्हणून दडवलेला त्रास कसा मोजणार ते? तपासायला माणूसच यायला हवा, ठिपका कुठलाही असो. सभा पुन्हा भरणार आहे. आता हेच सांगायचं, हे माझं तिथल्या तिथे ठरलं.

“सगळं बदलावं लागणार भाषण,” मी डोळे पुसत म्हणाले.

“पहिलंही चांगलं होतं,” अप्पा म्हणाले. “काढायला चूक सापडेना मला.”

चूक सापडेना? अप्पांना? मी धावत जाऊन बाहेर थांबलेल्या आमच्या सिस्टरांना ओढून आणलं. त्यांनी नाडी बघितली, छाती ऐकली, पाय दाबले, पडद्यावरचे आकडे वाचले. सगळं ठीक होतं.

“काय झालं होतं?” त्यांनी विचारलं.

“माझं कौतुक करत होते.”

सिस्टरांनी पुन्हा एकदा नाडी धरली आणि मान हलवली. “तब्येतीत काही दोष नाही. खरंच आवडलं असेल त्यांना.”

अप्पांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे कान लाल झाले होते. मी खुर्ची ओढून खाटेला टेकवली, त्यांचा सुजलेला हात माझ्या हातात घेतला, आणि मी लग्न करून या घरात आल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघं बराच वेळ काही न बोलता बसलो.