आटलेली घोंगडी

मित्रांनो, मला हात लावाल तर बोटांना टोचेन. रागावू नका, माझा जन्मच तसा. मी एक जुनी, काळी घोंगडी आहे. दिल्लीत द्वारका भागातल्या एका सोसायटीत नवव्या मजल्यावर माझा मुक्काम असतो.

मी मूळची माण भागातली. पावसाळ्याआधी काळ्या मेंढ्या कातरल्या, त्यांची लोकर पिंजली, सूत काढलं, मागावर मला विणलं आणि चिंचोक्यांची खळ लावून उन्हात ताणून ठेवलं. तेव्हा मी चांगली नऊ फूट लांब होते, आणि उभी केली तर उभी राहीन इतकी ताठ.

अंबादासरावांना दिल्लीत सरकारी नोकरी लागली, तेव्हा त्यांच्याबरोबर मीही लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आले. त्यांच्या पत्नी कुसुमावतीबाई कीर्तन करायच्या. काय सांगू तो थाट! माझ्या पुढच्या टोकावर बाई झांजा घेऊन उभ्या, मागच्या टोकावर अंबादासराव पेटी घेऊन मांडी घालून बसलेले. पूर्वरंगात बाई निरूपण करायच्या, आख्यानाला आल्या की ऐकणारे शाली डोळ्यांना लावायचे. भगवंताच्या नावाचा तो गजर माझ्या धाग्याधाग्यात मुरला आहे. लोक म्हणायचे, “बाईंचं कीर्तन आणि रावांची पेटी, दोन्ही एकाच घोंगडीवर हवं.” ते ऐकून मी किती फुगायचे!

निवृत्तीनंतर दोघं इथे मुलाकडे, जयदीपकडे राहायला आली. दोन वर्षांपूर्वी अंबादासराव गेले. पेटी कपाटावर चढली. बाई रोज संध्याकाळी मला पूर्ण अंथरायच्या, पुढच्या टोकावर बसायच्या आणि मागे वळून पाहायच्या. गायच्या मात्र नाहीत. माझ्या मागच्या अर्ध्या भागावर कुणी बसत नसे. इतकी माणसं असलेल्या त्या इमारतीत मी आणि बाई अशा एकट्या होतो.

यंदा दत्तजयंतीला मराठी मंडळाच्या देवयानीताईंनी फार आग्रह केला. बाईंनी कसाबसा होकार दिला. शब्द दिला खरा, पण आवाज निघेल का, याची त्यांना धास्ती होती.

आदल्या दिवशी सूनबाई रसिकाने, मोठ्या प्रेमानेच बरं का, मला वॉशिंग मशिनमध्ये टाकलं. तिचा जन्म दिल्लीतला. तिला ठाऊक ती फ्लीसची जॅकेटं. ती जॅकेटंही माझ्याबरोबर मशिनमध्येच होती. त्यांचा धागा प्लास्टिकचा, गरम पाणी त्यांचं काय बिघडवणार! मी मात्र गोल गोल फिरत आक्रसत गेले. बाहेर आले ती पाटाएवढी होऊन.

“आई, सॉरी,” रसिका रडवेली झाली. “उद्या सगळ्यांसमोर अंथरायची, तर बुक्क्याचे डाग निघतील असं वाटलं.”

“अगं, लोकर न धुताच सोवळी. वर्षातून एकदा ऊन दाखवायचं, तेवढंच तिचं स्नान.”

“मग मला कधीतरी सांगायचं ना.”

“तू विचारलंस कधी?” बाई बोलून गेल्या आणि थांबल्या. “मी तरी कुठे बोलते म्हणा.”

जयदीपने आपलं फ्लीसचं ब्लँकेट आणलं. “आई, हे घे. बिल्कुल मऊ आहे.”

बाईंनी त्यावर हात फिरवला. थंडीच्या कोरड्या हवेत चट्‌ करून ठिणगी उडाली. “चावतं रे हे.”

“आणि घोंगडी टोचायची ते चालायचं?”

“टोचायची म्हणून तर कीर्तनात कुणी पेंगत नसे.”

रसिका हसली नाही. “आई, बाबांची जागाच मी घालवली.”

बाईंनी देवयानीताईंना नकार कळवायला फोन उचलला होता. तो त्यांच्या हातातच राहिला. मग मला मांडीवर घेऊन त्या दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या. “जागा गेली ते बरंच झालं गं,” त्या म्हणाल्या. “रोज रिकामी बघत होते. ती बघितली की सूरच लागायचा नाही. तुला झांजा येतात?”

“अजिबात नाही.”

“चालेल. बस उद्या मागे.”

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये बाईंची दोन पावलं माझ्यावर जेमतेम मावली. नमनालाच आवाज चिरकला. मागे गार फरशीवर बसलेल्या रसिकाने घाबरून झांजा थांबवल्या. बाई मागे वळल्या आणि सुरातच म्हणाल्या, “ताल चुकू दे, पण थांबू नकोस.” सगळे हसले. त्या हसण्यात बाईंचा आवाज मोकळा झाला आणि आख्यान शेवटपर्यंत गेलं.

मित्रांनो, आता माझ्यावर पेटी कधीच येणार नाही. अंबादासरावांच्या मांडीची ऊब आठवली की अजूनही फार एकटं वाटतं. पण लोकर आटली तरी तिचा एकही धागा हरवत नाही, सगळे धागे जवळ जवळ येतात. ती ऊबही इथेच कुठेतरी दाटून बसली आहे. तुम्हाला हात जोडून एवढंच मागते. घरातली जुनी वस्तू धुवायला काढाल तेव्हा, आणि घरातलं जुनं माणूस गप्प गप्प दिसेल तेव्हाही, आधी जवळ बसून दोन शब्द विचारा.