शिट्टी गाडीची

वारंगा फाट्यावर माझं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, ‘चिन्मय टर्बो ट्यूनिंग’. पाटी लागली त्या दिवशी आमचे तीर्थरूप विष्णुपंत हिंगोलीहून मुद्दाम बघायला आले होते. त्यांचा जन्म गेला देवळातली पूजा आणि भजनाची पेटी यांत. पाटी वाचून म्हणाले, “ट्यूनिंग म्हणजे? पेट्यांचे सूर लावणार का तू?” मी म्हणालो, “पेट्यांचे नाही, इंजिनांचे.” ते चहा न घेताच एसटीत बसले.

मी पुण्यात बारा वर्षं एका कंपनीत इंजिनांची चाचणी घेत होतो. आजकालच्या गाडीत एक छोटा संगणक असतो. डिझेल किती सोडायचं, टर्बोनं हवा किती कोंबायची, हे सगळं तो ठरवतो. कंपनी त्यात जरा हात राखून ठेवते. मी लॅपटॉप लावतो आणि तो हात थोडा सैल करतो. इतकंच. पण लोकांना वाटतं मी मंत्र घालतो. आडनाव भिक्षुकाचं, त्यामुळे त्यांचाही दोष नाही.

अपर्णा, म्हणजे माझी बायको, पुण्यातच आहे. बँकेत नोकरी आहे. “तू जा पुढे, मी बघते,” असं म्हणाली त्याला दोन वर्षं झाली. आमचं भांडण झालेलं नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. रोज रात्री आठला तिचा मेसेज येतो, “जेवलास का?” मी लिहितो, “हो.” दुकानावरच्या खोलीत गॅस आहे, पण एकट्यासाठी कुकर लावायचा मला भयंकर कंटाळा येतो. तेव्हा दोन केळी, एक चहा आणि “हो”.

तर रामसिंगमामांची गोष्ट. माघ संपत आला होता. हळद शिजवायच्या कढया गावोगाव लागल्या होत्या आणि फाट्यावरसुद्धा तो वास येत होता. सकाळी एक पांढरी पिकअप दुकानासमोर थांबली. खाली उतरले ते साठीचे, डोक्याला लाल रुमाल, मिशी पांढरी. डोंगरकड्याच्या पुढे डोंगरात एक तांडा आहे, तिथले. डोंगरकड्याच्या मळ्यांतली केळी भरून ते फाट्यावरच्या व्यापाऱ्याकडे आणतात आणि संध्याकाळी रिकामे क्रेट घेऊन परत जातात.

“महाराज, पिकपला पिकप न्हाई,” ते म्हणाले.

आमच्याकडे गाडीलाही पिकप म्हणतात आणि गाडीच्या ओढीलाही. हे वाक्य मी आठवड्यातून दहादा ऐकतो.

“कधीपासून?”

“लई वर्सं झाली. चढाला मरून राहिली. काल तर मागून टमटम गेली म्हना पुढं.”

टमटम पुढे गेल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी शेजारी बसलो, लॅपटॉप जोडला आणि म्हणालो, चला. कळमनुरीच्या रस्त्याला जरा दाबल्याबरोबर बॉनेटखालून शिट्टी सुरू झाली. बारीक, लांबलचक, शेवटी किंचित वर चढणारी. टिटवी ओरडते तशी. लॅपटॉपवर कारण लगेच दिसलं. संगणक जेवढी हवा मागत होता, त्याच्या निम्मी इंजिनापर्यंत पोचत होती.

माझा एक नियम आहे, आधी आजार, मग ताकद. पुष्कळ ट्यूनर आजारी गाडीलाच ताकदीचं औषध पाजतात आणि महिन्याभरात टर्बोची वाट लावतात. मी बॉनेट उघडून टर्बोपासून निघणारा जाड रबरी पाइप चाचपला. क्लिपेखाली बोटभर चीर होती. हवा तिथून पळत होती आणि पळताना वाजत होती. मी नवा पाइप बसवला, दोन्ही क्लिपा आवळल्या, मग संगणकात जरुरीपुरती ओढ वाढवली. दुपारी मी स्वतः चालवून परत चक्कर मारली, तर गाडी अशी सुटली की मामांनी दाराची कडी धरली. शिट्टी अजिबात नाही.

“आता टमटम काय, ट्रॅव्हल्स गाठाल,” मी म्हणालो. खरं सांगतो, मी खूश होतो. चांगलं काम झालं की सांगायला कोणी नसतं, म्हणून मी गिऱ्हाइकालाच सांगत बसतो.

मामा मात्र बॉनेटकडे बघत होते. “शिट्टी गेली की, महाराज.”

“गेलीच पाहिजे. ती शिट्टी म्हणजेच तर आजार.”

“व्हय,” ते म्हणाले आणि गेले. ‘बरं झालं’ असं काही म्हणाले नाहीत. मला जरा राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय तर पिकअप आधीच येऊन उभी.

“महाराज, शिट्टी परत लावून द्या.”

मला वाटलं थट्टा करताहेत. “मामा, ओढ कमी पडली का?”

“ओढ बराबर हाय. शिट्टी पायजे.”

“अहो, पण कशाला?”

त्यांनी रुमाल काढून परत बांधला. “भाकर थंड मिळून राहिली.”

मी हातातली कुलपं खाली ठेवली. “भाकर थंड मिळते म्हणून मी चांगल्या टर्बोच्या पाइपाला भोक पाडू? मामा, तुम्ही सकाळी काही घेऊन आलात का?”

ते चिडले नाहीत. बाकावर बसले आणि हळूहळू, एकेक वाक्य उचलून ठेवावं तसं सांगू लागले.

चार वर्षांपूर्वी त्यांच्याकडे लाल कंधारी बैलांची जोडी होती. त्यांच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, वासरं असल्यापासून वाढवलेली. मामांनी एका सोमवारी ती बाजारात नेऊन विकली आणि ही जुनी पिकअप आणली. बाईंना विचारलं नाही. “इचारलं असतं तर न्हाई म्हनली असती,” मामा म्हणाले, “म्हनून न्हाई इचारलं.” त्याच संध्याकाळी रुख्मिणीबाई चूल, तवा आणि पांघरूण घेऊन शेतातल्या आखाड्यावर राहायला गेल्या. आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातली छपरी, बैल बांधायची. बैल नव्हते, त्या जागी बाई राहू लागल्या. तेव्हापासून एक शब्द बोलल्या नाहीत. मामाही बोलले नाहीत.

“मग जेवण?”

“रस्ता आखाड्यावरूनच जातो. गाडी खिंडीत चढली की शिट्टी वाजती. तिला तिथवर ऐकू जाती. ती तवा ठेवती. म्या खाली येस्तोवर धुऱ्यावरल्या दगडावर फडक्यात दोन भाकरी. हात भाजंल अशा गरम. चार वर्सं झाली, एक दिस चुकला न्हाई.” ते थांबले. “परवा थंड व्हत्या. शिट्टी न्हाई आली, तरी रोजच्या वक्ताला करून ठिवल्या आसतील. काल दगडावर काहीच नव्हतं.”

मी माझ्या परीनं तोडगा काढला. “हॉर्न वाजवा की खिंडीत.”

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. “हॉर्न म्हंजी बोलावनं झालं, महाराज. म्या बोलावनार न्हाई, आन बोलावलं तर ती यायची न्हाई. शिट्टी गाडीची व्हती, माझी न्हाई.”

चार वर्षांचा अबोला, आणि त्यात रोज एकदा एकमेकांना हाक मारायची सोय एका फाटक्या पाइपानं करून ठेवली होती. ती मी दुरुस्त केली होती.

जुना पाइप परत बसवावा म्हटलं, तर तो मी त्याच दिवशी कापून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला होता. एकटा माणूस कामाला लागला की काहीही दुरुस्त करत सुटतो. आता नवी शिट्टी तयार करणं आलं.

भंगारात जुन्या मोटरसायकलींचे कार्ब्युरेटर पडले होते. त्यात पितळेचे जेट असतात, हरभऱ्याएवढे, मधोमध बारीक भोक, प्रत्येकाचं माप वेगळं. मी नवा पाइप मधे तोडून लोखंडी नळीचा सांधा घातला, नळीला बाजूनं भोक पाडून आटे पाडले आणि त्यात एक जेट बसवला. हवा जाईल, पण थोडीच. ती कमी पडलेली मी लॅपटॉपवर सावरून घेतली. मग रस्त्यावर गाडी पळवायची, ऐकायचं, परत यायचं, जेट बदलायचा.

“अशी न्हाई,” मामा म्हणायचे. “ही लईच किरकिरी.” मग ओठांचा चंबू करून मूळ शिट्टी वाजवून दाखवायचे. साठीचा माणूस, पांढरी मिशी, भर हायवेवर शिट्टी मारतोय आणि मी मान तिरकी करून ऐकतोय. सातव्या जेटाला मला विष्णुपंत आठवले. पेट्यांचे सूरच लावत होतो की मी! दिवसभरात एकाही दुसऱ्या गाडीला हात लावला नाही आणि गेल्या दोन वर्षांत इतका मजेत दिवस गेला नव्हता.

नवव्या जेटाला मामा म्हणाले, “जवळ आली.” हुबेहूब नव्हती. शेवटी जी वर चढायची ती चढत नव्हती. चीर फाकायची म्हणून सूर चढायचा, पितळ कसलं फाकतंय.

“चला,” मी म्हणालो, “बसतो मीही.” लॅपटॉपचं निमित्त केलं. खरं म्हणजे मला बघायचं होतं.

ऊन उतरायच्या सुमाराला आम्ही डोंगरकडा सोडून तांड्याच्या रस्त्याला लागलो. खिंडीत मामांनी पाय दाबला. शिट्टी वाजली, डोंगराला लागून परत आली. मामांचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले होते. उतारावरून ते इतके सावकाश आले की मी चालत आधी पोचलो असतो.

बांधावरच्या दगडावर काही नव्हतं.

मामांनी गाडी बंद केली. मला वाटलं, उगीच आलो. मग छपरीतून रुख्मिणीबाई बाहेर आल्या. उंच, ताठ, कोपरापर्यंत बांगड्या, हाताला ज्वारीचं पीठ. सरळ माझ्या खिडकीशी आल्या. मामांकडे पाहिलं नाही.

“ही गाडी कोनाची हाय, भाऊ?”

“मामांचीच आहे, मावशी.”

“खोटं. त्या गाडीची शिट्टी अशी न्हाई. त्या गाडीवाल्याला इचारा, ती बी इकली का? बैलं इकली तशी?”

मामा काचेतून समोर बघत मला म्हणाले, “सांगा त्यांना, इकली न्हाई.”

“विकली नाही, मावशी.”

“मंग दोन दिस मुकी गाडी कोनाची फिरून राहिली इथून? म्या तवा ठिवून बसले. म्हनलं, गाडी बी गेली, आता मानूस बी जाईल.” त्यांचा आवाज चढला आणि मधेच तुटला. “त्याला इचारा, काहून बदलली शिट्टी?”

आता हे काय सांगायचं? “मी दुरुस्त केली होती,” मी म्हणालो.

“कोनी सांगितलं दुरुस्त करायला?”

मी उत्तर द्यायच्या आत मामांनी दार उघडलं, खाली उतरले, बॉनेटला वळसा घालून त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. “म्या सांगितलं,” ते म्हणाले. “मला कळलं न्हाई. तुला इचारायला पायजे व्हतं.”

हे पाइपाबद्दल होतं की बैलांबद्दल, ते मला ठाऊक नाही. रुख्मिणीबाईंना ठाऊक असावं. त्यांनी हाताचं पीठ झटकलं. मग त्यांच्या बोलीत, गोरमाटीत, चार-पाच शब्द बोलल्या. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मामांना कळलं. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि पुसतच राहिले.

पुढे विशेष काही झालं नाही. तिन्हीसांजेला आम्ही धुऱ्यावर बसून गरम भाकरी खाल्ल्या, सोबत हरभऱ्याची भाजी आणि ठेचा. बाई छपरीत चुलीपाशी, मामा बाहेर, मी मधे. त्या कुणाशी बोलत नव्हत्या. पण मामांची भाकरी संपायच्या आत दुसरी येत होती. “लेकरू एकलं राहातं का फाट्यावर?” एवढं त्यांनी एकदा विचारलं. मी चाळिशीचा आहे. मी “व्हय” म्हणालो.

मामांनी मला डोंगरकड्याच्या थांब्यावर सोडलं. फाट्यापर्यंत नेतो म्हणत होते, मीच नको म्हणालो. गाडी वळली, रस्त्याला लागली. मी ऑटोची वाट बघत उभा होतो. थोड्या वेळानं लांब खिंडीकडून शिट्टी ऐकू आली, शेवटी वर न चढणारी. आता तिकडे कोणीतरी ती ऐकत असणार आणि तवा परत ठेवण्याचं कारण नसताना उठून बाहेर बघत असणार. मग ती थांबली. थांब्यावर मी एकटाच होतो आणि मला रडू येत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आठ वाजता खोलीत पोचलो तोच मेसेज आला. “जेवलास का?”

आज कितीतरी दिवसांनी “हो” हे खरं होतं. भाकरीची ऊब अजून बोटांना होती. मी “हो” टाइप केलं आणि बोट तिथंच थांबलं. दोन वर्षं मी हा पाइप किती घट्ट आवळून ठेवला होता. कुठून हवा गेली नाही, कसला आवाज आला नाही. तिला तिकडे ऐकू येणार तरी काय?

मी “हो” पुसलं आणि लिहिलं, “दोन वर्षं खोटं सांगत होतो. पुष्कळदा जेवत नाही.”

खाली हायवेवर ट्रक जात होते. मग स्क्रीन उजळली.

“काय झालं? बरं नाही का तुला?”

मी लिहिलं, “नाही. बरं नाही.”