जनूची तोफ

कासू गावात वालाच्या शेंगा भरल्या की माकडांना आमंत्रण लागत नाही. जनूनं आधी बुजगावणं उभं केलं. माकडांनी त्याचा सदरा नेला. मग त्यानं रोह्याच्या बाजारातून प्लास्टिकच्या पाईपाची तोफ आणली आणि डबाभर कार्बाइडचे खडे. खड्यांवर पाणी पडलं की गॅस फसफसतो, लायटर दाबला की बार उडतो. पहिल्या बाराला माकडं पळाली, तान्हा नातू दचकून रडला, आणि जनू लढाई मारल्यासारखा अंगणात चहा पीत बसला.

"बाबा, हा अ‍ॅसिटिलीन," सून प्रतिक्षा म्हणाली. "गॅरेजात याच्याच ज्योतीनं लोखंड कापतात. तोंड जवळ नेऊ नका."

प्रतिक्षा रसायनशास्त्र शिकलेली. लग्नात ते सगळ्या पाहुण्यांना सांगून झालं होतं. त्यानंतर घरात त्याचं काही काम पडलं नव्हतं.

"आमाला माकडं कापायची नायत," जनू म्हणाला.

"आन् लसणीचा वास कसला गो ह्याला?" सासू हौसानं विचारलं.

"गॅसचा नाही, आई. खड्यातल्या मळाचा."

"मंग मळच बरा. निदान कळतं तरी, कुठं हाय ते."

दुसऱ्या सकाळी माकडं पुन्हा बांधावर. प्रतिक्षा पडवीत बाळाला थोपटत होती. जनूनं लायटर दाबला. टक्. माकडं थांबून बघू लागली. जनूनं आणखी खडे टाकले, आणखी पाणी. टक्.

"खुराक कमी पडला," म्हणत त्यानं मूठभर ओतले.

खुराक नव्हे, हवा कमी पडली होती. पाईप गॅसनं गच्च. जळायला आत वाराच नाही. प्रतिक्षा हे नीट शब्दांत जुळवेपर्यंत जनूनं तोफ कुशीत घेतली आणि धुमसत्या चुलीला जन्मभर जे केलं तेच केलं. वाकून फुंकर मारली. अंगठा लायटरवरच होता.

"बाबाऽऽ! तोंड काढ तिथून!"

जनू दचकून वळला आणि अंगठा दबला. पडवीचे पत्रे थरथरले. टोपी उडाली, डावी भुवई करपली.

रडणारं बाळ काखेत मारून प्रतिक्षा धावली. बाळाची धरावी तशी तिनं सासऱ्याची हनुवटी धरली, मग तोच पंजा त्याच्या डोळ्यांपुढे नेला.

"बाबा, किती बोटं?"

"पाच. समदी थरथरतात तुझी."

पेणच्या डॉक्टरांनी थेंब दिले, डोळे वाचल्याचं सांगितलं. संध्याकाळी शेजारची धोंडुबाई विचारपूस करायला आली. "सूनबाईनं हाक मारली नि अडलेली तोफ उडाली," जनूनं सांगितलं. प्रतिक्षानं हवा आणि गॅसचं प्रमाण समजावलं. धोंडुबाईनं मान डोलवत सगळं ऐकलं.

"व्हय गो. पण आवाज केवढा तुझा!"

"सासऱ्याला अरेतुरे केलंन हिनं," हौसा म्हणाली. "नि माकडं बार उडायच्या आधीच पळाली. मी बघितलं."

तोफ माळ्यावर गेली. सकाळी जनू अर्ध्या भुवईनं दारात उभा राहिला.

"प्रतिक्षा, आली गो माकडं. जरा ओरडतेस?"

"दे पोराला माझ्याकडं," हौसानं हात पुढे केले. "आन् कालच्यासारखंच बोल. ‘बाबा’ शब्द धरून."

प्रतिक्षानं बांधाकडे पाहिलं. तिला काहीच दिसेना.

"त्या जांभळीमागं," जनू म्हणाला. "चार हायत. एक पिलू पोटाशी."

इतक्या लांबचं त्याला दिसत होतं. प्रतिक्षानं निवांत पदर खोचला आणि ती ओरडायला निघाली.