कोणतं बासष्ट?

त्या संध्याकाळी माझे वडील, आप्पा, ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. मी नुकतीच बीडच्या वाचनालयातून परतले होते.

"बासष्टच्या दुष्काळात आमी गावात धान्याची सोसायटी काढली, पेपरात आलतं," हे त्यांचं पालुपद. मी एकोणीसशे बासष्टच्या पेपरांचे सगळे अंक चाळले होते.

"त्यात काहीच नाही, आप्पा."

"नीट बघ, माय," ते हसून म्हणाले. मी पिशवी उचलून आत गेले. पहाटे ते गेले.

तेराव्यानंतर पुन्हा वाचनालय गाठलं. कपाटाची किल्ली सापडेना म्हणून दोन खेपा वाया गेल्या. तिसऱ्या खेपेला ग्रंथपाल सत्यभामाबाईच वैतागल्या.

"कावून सारखं बासष्ट बासष्ट करताय? वडील कुठल्या काळातले?"

"निजामाच्या."

"मग ते निजामाच्या राज्यातलं फसली साल असंल, बाई, तेराशे बासष्ट! म्हंजी आपलं एकोणीसशे बावन्न. एवढं शिकून कळलं न्हाई?"

त्यांनी बावन्नचा गठ्ठा काढून दिला. दोरी सोडली, तर आत वाळवीने केलेला भुसा. एक ओळही वाचता येईना. तरी मी तो बोटांनी चाळत राहिले.

शेवटी सत्यभामाबाईंसमोरच मोठ्याने म्हणाले, "आप्पा, तुमचं खरं हाय."