माझ्या पोटावरची गाठ

मी रबराची नळी बोलते आहे. पंधरा हात लांब, अंगानं काळी. रंगाचं राहू द्या. आधी माझ्या पोटावर सुताची दोरी आवळलेली आहे, ती बघा. बाईनं कमरपट्टा मिरवावा तशी मी ती मिरवते.

जळगावच्या दुकानातून रावेरकडच्या या मळ्यात मी आले, ती तेलाच्या इंजिनाबरोबर. तोतारामभाऊंनी विहिरीवर इंजिन बसवलं आणि त्यांच्या वडिलांची, उखर्डूआबांची, चामड्याची मोट आढ्याला टांगली गेली. सगळा जन्म मोट हाकलेला माणूस. हातांना काम उरलं नाही. मग आबांनी हौदाजवळ लिंबाची बारा रोपं लावली. मला हौदाच्या तोटीला जोडून एकेका रोपाला पाणी पाजायचं, हा त्यांचा रोजचा नेम झाला.

दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या मधल्या वळणावर बारीक भेग पडली. मोट कोरडी पडली की तिला तेल पाजायचं, हे आबांना ठाऊक. त्यांनी मलाही पाजलं. चांगलं आठ दिवस, मायेनं चोळून चोळून. चामडं सुखावलं असतं. मी मात्र तेवढ्या जागी फुगले, लिबलिबीत झाले आणि एका सकाळी वीतभर फाटले.

तोतारामभाऊ म्हणाले, लढाईच्या दिवसांत दुसरी नळी मिळायची नाही. आणि आबा, तुम्ही आता आराम करा. हे शेवटचं आबांना लागलं. मला खुंटीवर टाकून ते ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले. रोपं काय, घागरीच्या पाण्यानंही जगली असती. पण आबांची भाकरी अर्ध्यावर आली.

सून बेबाबाई आधीच घाबरट. पोराला शिंक आली तरी तिचा जीव उडायचा. आता तर तिला सासऱ्यांचीही धास्ती लागली. तिसऱ्या दिवशी तान्ह्या भिकनला पाळण्यात घालून तिनं मला खाली काढलं. नासलेला भाग विळ्यानं कापून टाकला. माझी कापलेली दोन्ही टोकं गरम पाण्यात बुडवून मऊ केली आणि बांबूच्या एका नळकांड्यावर दोन्हीकडून घट्ट चढवली. वरून दोरी बांधली. तोटी सोडली, तर गाठ सरकली आणि तिचं लुगडं भिजलं.

सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. तिनं भिकनला कडेवर घेतलं आणि ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं त्यालाच सांगितलं,

“भिकन, आबांले सांग, मायले मोटेची गाठ येत नाही. या घरात ती त्यांलेच येते.”

आबा भिंतीलाच म्हणाले, “भिकन, तुह्या मायले सांग, दोरी आधी भिजव म्हना.”

आणि उठले. मोटेची पाणी सोडणारी सोंड बांधत असत तशी त्यांनी गाठ मारली; पाणी लागेल तशी आवळत जाणारी. तोटी सोडली. एक थेंब गळला नाही. त्या दिवशी बाराही रोपं आबांनीच पाजली, आणि संध्याकाळी दुसरी भाकरी मागितली.

त्याला चार उन्हाळे झाले. लढाई संपली, दुकानात नव्या नळ्या आल्या. माझं अंग कडक झालंय, तोंडाला चिरा पडल्यात. लिंबं मात्र लगडलीत. पाहुणे वाकून सांधा बघतात तेव्हा आबा छाती काढून सांगतात, सुनेनं जोडली. लगेच दाराआडून आवाज येतो, “भिकन, गाठ कोनाची ते बी सांग.”

नवी नळी खुशाल आणा. फक्त मला टाकाल त्या दिवशी ही गाठ सोडू नका. तशी ती सुटायचीही नाही.